श्रेष्ठत्वाची यादी आणि तिचे निकष : जुन्नर-आंबेगावच्या तमाशा परंपरेच्या संदर्भात

प्रस्तावना

कलेच्या क्षेत्रात श्रेष्ठ कोण, हा प्रश्न जुना आहे. त्याचे उत्तर क्रमांक लावून यादीच्या रूपाने देण्याची पद्धत मात्र ध्वनिमुद्रणाच्या युगात रूढ झाली. तबकड्या विकल्या जाऊ लागल्या, खप मोजता येऊ लागला आणि मोजता येणाऱ्या गोष्टीची क्रमवारी लागणे ओघानेच आले. १९५२ च्या डिसेंबरात रेडिओ सिलोनवरून सुरू झालेल्या 'बिनाका गीतमाला' या कार्यक्रमाने हिंदी चित्रपटगीतांना पायदाने दिली. अमीन सयानी यांच्या निवेदनाने घरोघरी पोहोचलेल्या या क्रमवारीचा आधार तबकड्यांचा खप आणि श्रोत्यांची पसंती हा होता. म्हणजे येथे लोकप्रियता हाच उघड निकष होता.

याहून वेगळा मार्ग अमेरिकेतील 'रोलिंग स्टोन' या नियतकालिकाने स्वीकारला. संगीतकार, समीक्षक व व्यवसायातील जाणकार यांची मते घेऊन त्याने २००३ मध्ये सर्वश्रेष्ठ ५०० अल्बमांची यादी प्रसिद्ध केली. तीत बीटल्सचा 'सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड' पहिला होता. २०२० मध्ये नव्याने मते घेतली गेली तेव्हा पहिला क्रमांक मार्विन गे यांच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'कडे गेला. हे दोन्ही अल्बम अनुक्रमे १९६७ व १९७१ मधील आहेत. मधल्या सतरा वर्षांत त्यांतील एकही स्वर बदलला नव्हता. मत देणारे बदलले होते. ज्याला 'प्रभाव' म्हणून गौरवले जाते त्यात मत देणाऱ्याची आवड किती मिसळलेली असते, हे यावरून दिसून येते.

श्रेष्ठत्व ठरविताना लोकप्रियता, प्रभाव आणि वैयक्तिक अभिरुची यांपैकी कशाला झुकते माप द्यावे, हा प्रश्न मराठी मुलखात तपासायचा तर पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांइतके योग्य क्षेत्र क्वचितच सापडेल. येथे दर वर्षी गावोगावचे पंच पैसे मोजून कलावंतांची क्रमवारी लावतात, शासन पुरस्कार देऊन ती लावते आणि रसिक आठवणीतून लावतात. या तीन क्रमवाऱ्या परस्परांशी जुळत नाहीत. त्या का जुळत नाहीत, आणि त्यांतील कोणत्या क्रमवारीवर इतिहासकाराने विसंबावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

रात्र हेच एकक

अल्बमाला सुरुवात व शेवट असतो, तो पुन्हा ऐकता येतो. तमाशाचे तसे नाही. ढोलकीफडाच्या तमाशाचे एकक म्हणजे एक रात्र. गण, गवळण, बतावणी, रंगबाजी आणि वग या क्रमाने ती सरते. यात्रेतील तमाशा असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरीचा कार्यक्रम होतो. रात्री कनातीपुढे हजारोंचा समुदाय असतो. हजेरीला मुख्यतः जाणते श्रोते आणि गावची वडीलधारी मंडळी बसतात. रात्रीच्या खेळात टाळी मिळविणारा कलावंत आणि हजेरीत फर्माईश मिळविणारा कलावंत हे एकच असतील असे नाही. एकाच फडात, अवघ्या बारा तासांच्या अंतराने, लोकप्रियता व अभिरुची यांचे दोन वेगळे दरबार भरतात. संगीतबारीचा बाज निराळा. तेथे बैठकीच्या लावणीला आणि अदाकारीला महत्त्व असते आणि दाद देणारे मोजके असतात. या लेखाचा रोख मुख्यतः ढोलकीफडावर आहे, कारण या दोन तालुक्यांची ओळख त्यानेच घडविली.

नारायणगाव हे मीना नदीकाठचे, पुणे-नाशिक महामार्गावरील गाव. पुणे, नगर आणि नाशिक या तिन्ही जिल्ह्यांतील गावांना येथे येणे सोयीचे. कुकडी प्रकल्पाच्या पाण्याने जुन्नर-आंबेगावच्या शिवारात बागायत वाढली, नारायणगाव आणि मंचर येथील शेतमालाच्या बाजारपेठा फुगल्या आणि यात्रेची वर्गणी काढण्याची गावांची ऐपतही वाढली. तमाशाची पंढरी म्हणून नारायणगावचे नाव झाले त्यामागे कलावंतांची पुण्याई आहेच, पण रस्ता आणि पाणी या दोन गोष्टीही आहेत. कलेच्या इतिहासात पाटबंधाऱ्यांचा उल्लेख फारसा होत नाही; तो व्हावयास हवा.

राहुटीतील क्रमवारी

चैत्रातील यात्रांचा हंगाम जवळ आला की फडांचे व्यवस्थापक नारायणगावी राहुट्या उभारतात. राहुटीवर फडाच्या नावाचा फलक असतो. गावोगावच्या यात्रा समित्यांचे पंच एका राहुटीतून दुसरीत जातात, यंदा वग कोणता, कलावंत किती, नाचणाऱ्या किती, सोंगाड्या कोण, याची चौकशी करतात आणि सौदा ठरला की इसार देऊन सुपारी पक्की करतात. गुढीपाडव्याच्या दिवशी या व्यवहाराला उधाण येते. मोठ्या फडाची सुपारी लाखांच्या घरात जाते.

लोकप्रियतेची याहून प्रामाणिक मोजणी दुसरी नाही, असे प्रथमदर्शनी वाटते. गावकऱ्यांनी घामाचे पैसे मोजलेले असतात. तेथे भिडेपोटी मत दिले जात नाही. परंतु हा आकडा बारकाईने पाहिला तर त्यात कलावंताखेरीज पुष्कळ काही मिसळलेले आढळते. पहिली गोष्ट तिथीची. हनुमान जयंतीला किंवा चैत्र वद्य अष्टमीला एकाच रात्री असंख्य गावांच्या यात्रा असतात. त्या दिवशी मध्यम प्रतीच्या फडालाही चढा भाव मिळतो. तोच फड अधल्यामधल्या दिवशी निम्म्या रकमेतही राजी होतो. दुसरी गोष्ट शेजारच्या गावाची. गेल्या वर्षी शेजारच्या गावाने जो फड आणला त्याहून मोठा आणायचा, ही ईर्षा पंचांच्या मनात असते. तिसरी गोष्ट फडाच्या सरंजामाची. वाहने, रोषणाई, रंगमंच यांचा खर्च सुपारीत धरलेला असतो. म्हणून सुपारीचा आकडा हा कलेचा भाव आहे असे म्हणण्यापेक्षा तो एका रात्रीचा, एका गावाचा आणि एका तिथीचा भाव आहे, असे म्हणावे लागेल.

फडांच्या फलकांवरील पदव्यांचाही येथे विचार करावा लागतो. वगसम्राट, तमाशासम्राज्ञी, विनोदसम्राट, लावणीसम्राज्ञी या पदव्यांची तमाशाच्या जगात मुबलकता आहे. काही जाणकारांनी बहाल केल्या. सुलोचना चव्हाण यांना 'लावणीसम्राज्ञी' हे बिरुद आचार्य अत्रे यांनी दिले, हे सर्वश्रुत आहे. बहुतेक मात्र फलक रंगविणाऱ्याच्या कुंचल्यातूनच जन्मल्या. एकाच हंगामात, एकाच रस्त्याच्या कडेला दोन-तीन सम्राट शेजारी शेजारी राहुट्या टाकून बसलेले असत, आणि त्यात कोणालाही विसंगती वाटत नसे. पंचांना ठाऊक होते की ही जाहिरात आहे. यादीला शास्त्र मानण्याची चूक त्यांनी केली नाही.

लोकप्रियतेचा निकष किती ठिसूळ असतो, हे २०२० मध्ये दिसले. त्या वर्षी गुढीपाडवा २५ मार्च रोजी होता आणि त्याच दिवसापासून देशभर टाळेबंदी लागू झाली. ज्या दिवशी सुपाऱ्यांना उधाण यायचे त्याच दिवशी व्यवहार ठप्प झाला. २०२१ च्या यात्राही बंदच राहिल्या. दोन हंगामांत नामवंत आणि अनाम सगळे फड एका पंक्तीला आले. राहुटीतल्या क्रमवारीत कालचा पहिला क्रमांक आज कोणालाही पोटाला देत नाही.

संग्राहकांची अभिरुची

आता दुसऱ्या निकषाकडे वळता येईल. मराठी शाहिरी वाङ्मयाची जी मान्य यादी आज महाविद्यालयांत शिकविली जाते, तीत अनंत फंदी, रामजोशी, प्रभाकर, होनाजी, सगनभाऊ आणि परशराम ही नावे प्रामुख्याने येतात. ही यादी कोणी केली? ती पंचांनी केली नाही. एच. ए. ॲक्वर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांचा पोवाड्यांचा संग्रह १८९१ मध्ये निघाला. शाळिग्राम यांनी पुढे लावण्याही प्रसिद्ध केल्या. त्यानंतर म. वा. धोंड यांच्या 'मऱ्हाटी लावणी' (१९५६) सारख्या ग्रंथांनी या कवींची चिकित्सा केली. हस्तलिखिते आणि गाणाऱ्यांची तोंडे यांतून जे गोळा झाले, संपादकाला जे छापण्याजोगे वाटले, तेच पुढच्या पिढ्यांना मिळाले.

ही यादी केवळ उच्चवर्णीयांची आहे, असा आक्षेप घेतला तर तो टिकणार नाही. रामजोशी व प्रभाकर ब्राह्मण असले तरी होनाजी गवळी, परशराम शिंपी आणि सगनभाऊ मुसलमान होते. दोष तिथे नाही. दोष आहे तो यादीच्या एककात. संग्राहकांनी कवने निवडली. खेळ निवडला नाही. त्यामुळे रचनाकार यादीत आला आणि ती रचना गळ्यातून, पायांतून आणि ढोलकीतून जिवंत करणारे बाहेर राहिले. होनाजीबरोबर बाळा कारंजकर या गायकाचे नाव 'होनाजी-बाळा' असे जोडीने टिकले, हा अपवादच समजावा.

अनंत फंदी यांचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. फंदी संगमनेरचे, म्हणजे जुन्नरच्या उत्तर सीमेपलीकडचे. त्यांनी लावण्या व पोवाडे रचले, तमाशात उभे राहिले. उत्तर आयुष्यात अहल्याबाई होळकरांच्या उपदेशाने ते कीर्तनाकडे वळले अशी परंपरा आहे. शालेय पाठ्यपुस्तकांतून महाराष्ट्राला परिचित झालेले फंदी मात्र उपदेशपर फटक्याचे फंदी आहेत. ज्या तमाशाने त्यांना नाव मिळाले तो गळला आणि जो बोध सभ्य गृहस्थाला रुचला तो राहिला. वैयक्तिक अभिरुचीने यादी करण्यास हरकत नाही; प्रत्येक संपादक तसेच करतो. हरकत आहे ती अभिरुचीने स्वतःचे नाव लपवून 'मान्यता' हे नाव धारण करण्याला.

याच संगमनेर तालुक्यातील हिवरगाव पावसा येथील पवळाबाई यांचे नाव तमाशाच्या इतिहासात आवर्जून घ्यावे लागते. फडावर उभ्या राहिलेल्या आद्य स्त्री कलावंतांत त्यांची गणना होते. पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) यांच्या रचना पवळाबाईंच्या गळ्यातून व नृत्यातून गाजल्या. श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी हे ब्राह्मण कुळातील गृहस्थ घर सोडून तमाशात आले आणि पठ्ठे बापूराव झाले, ही कथा नाट्यमय असल्याने वारंवार सांगितली गेली. पवळाबाईंचे नाव तीत जोडीदारीण म्हणून येते. प्रत्यक्षात स्त्री फडात आली ही घटना तमाशाचे स्वरूप, त्याचे अर्थकारण आणि त्याची प्रतिष्ठा-अप्रतिष्ठा या सर्वांना वळण देणारी ठरली. प्रभाव हाच निकष धरला तर पवळाबाईंचे स्थान बापूरावांच्या खाली लावता येणार नाही.

सावळजचा वग आणि प्रभावाचा प्रश्न

प्रभाव म्हणजे नेमके काय, हे समजण्यासाठी काही काळ पुणे जिल्ह्याबाहेर पडावे लागते. तासगावजवळच्या सावळज येथील उमा या मातंग कलावंताने 'मोहना-छेलबटाऊ' हा वग १८६५ मध्ये उभा केला; तो पहिला वग मानला जातो. तत्पूर्वी तमाशात गण, गवळण, लावणी होती. सलग कथानक असलेले नाट्य नव्हते. वगाने ते आणले. आज नारायणगावच्या राहुटीत पंच पहिला प्रश्न विचारतात तो "यंदा वग कोणता?" हा. प्रश्न विचारणाऱ्याला सावळजचे नाव ठाऊक नसते, त्या वगातील एक ओळही कोणाला आठवत नसते, आणि तरीही सौदा त्यावरच ठरतो. लोकप्रियतेच्या आजच्या यादीत उमा कोठेही नाही. संग्राहकांच्या यादीतही त्याला ठळक जागा नाही. त्याच्यामुळे मात्र नंतरच्या दीडशे वर्षांतील प्रत्येक फडाला एक गोष्ट करता आली, जी आधीच्यांना करता येत नव्हती.

प्रभावाची हीच कसोटी धरणे इष्ट ठरेल : एखाद्या कलावंतामुळे इतरांना काय करता आले? ही कसोटी लावली की तमाशाच्या मांडवाबाहेरचेही दिसू लागते. सत्यशोधक जलसे आणि पुढे आंबेडकरी जलसे यांनी तमाशाचाच साचा घेतला व त्यात प्रबोधन भरले. १९४४ मध्ये स्थापन झालेल्या लाल बावटा कलापथकातून अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी त्याला कामगारांच्या लढ्यापर्यंत नेले. नागर रंगभूमीवर वसंत सबनीस यांचे 'विच्छा माझी पुरी करा' आणि विजय तेंडुलकर यांचे 'घाशीराम कोतवाल' (१९७२) ही नाटके लोकरंगभूमीच्या मोकळ्या रचनेवाचून संभवली नसती. नागर समीक्षेत मात्र श्रेय बहुधा शेवटच्या टोकाला मिळते आणि मूळ स्रोत 'लोकपरंपरा' या निनावी शब्दात विरघळतो. परंपरेला नाव-गाव असते. ते न सांगणे ही सुद्धा एक यादीच होय.

या निकषावर एक रास्त आक्षेप येतो. प्रभाव नेहमी हितकारकच असतो असे नाही. चित्रपटातील लावणीचा तमाशावर झालेला परिणाम पाहावा. 'सांगत्ये ऐका' (१९५९) हा अनंत माने यांचा चित्रपट पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात १३१ आठवडे चालला. व्ही. शांताराम यांच्या 'पिंजरा'ने (१९७२) राम कदम यांचे संगीत व जगदीश खेबुडकरांची गीते घरोघरी नेली. २०१० च्या आरंभी आलेल्या 'नटरंग'ने अजय-अतुल यांच्या संगीतासह तोच वारसा नव्या पिढीपुढे ठेवला. या चित्रपटांनी तमाशावरून कथा आणि चाली घेतल्या. पुढे फडांनीच रंगबाजीत चित्रपटगीते घेतली, कारण समोरचा प्रेक्षक त्यांची मागणी करू लागला. परिणामी जुनी लावणी हजेरीपुरती आणि मग तीही नाही, अशी गत झाली. हाही प्रभावच. तेव्हा प्रभाव मोजताना कोणाच्या हाती काय आले याबरोबरच कोणाच्या हातून काय गेले, हेही मांडावे लागेल. एवढ्याने तो निकष बाद होत नाही. उलट इतिहासाला उपयोगी पडणारा तोच एक निकष आहे, कारण कार्यकारणभावाचा विचार करण्यास तो भाग पाडतो. खपाचा आकडा किंवा आवड तसे करीत नाही.

भाऊ-बापू ते विठाबाई

नारायणगावच्या भाऊ-बापू मांग नारायणगावकर यांच्या फडाने या परिसराला तमाशाच्या नकाशावर आणले. भाऊ यांची कन्या विठाबाई (१९३५–२००२) याच फडात वाढल्या. गायन, नृत्य आणि वगातील अभिनय या तिन्ही अंगांवर त्यांचे प्रभुत्व होते. खेळ चालू असताना पडद्यामागे प्रसूत होऊन पुन्हा रंगमंचावर उभ्या राहिल्याची त्यांची हकिकत महाराष्ट्रभर सांगितली जाते. १९५७ आणि १९९० असा दोन वेळा राष्ट्रपतींकडून त्यांचा गौरव झाला.

विठाबाईंचे उदाहरण येथे विस्ताराने घेण्याचे कारण असे की तिन्ही निकषांवर उतरणारे असे दुसरे नाव या भूमीत नाही. लोकप्रियता म्हणाल तर त्यांच्या नावावर कनाती भरत. जाणकारांची पसंती म्हणाल तर राष्ट्रपतींच्या गौरवाने तिच्यावर मोहोर उमटली. प्रभाव म्हणाल तर फडाची वंशावळच पाहावी : वडिलांचा फड, मग विठाबाईंचा स्वतःचा, नंतर कन्या मंगला बनसोडे यांचा, आणि त्यांच्या पुत्रापर्यंत चालत आलेली परंपरा. तमाशात प्रभाव असाच चालतो. कलावंत एका फडातून निघतो, दुसरा उभारतो, जाताना चाली, संवाद आणि सोंगे घेऊन जातो. तुकाराम खेडकर, कांताबाई सातारकर आणि रघुवीर खेडकर यांचा प्रवासही याच रीतीचा आहे. वाङ्मयाचा इतिहासकार ग्रंथांची परंपरा लावतो. तमाशाच्या इतिहासकाराने फुटलेल्या आणि जोडलेल्या फडांची परंपरा लावावयास हवी.

आणि तरीही १५ जानेवारी २००२ रोजी विठाबाईंचे निधन झाले ते आर्थिक विवंचनेत. उपचारांच्या खर्चासाठी चाहत्यांना व दात्यांना पुढे यावे लागले. ज्या गावात दर वर्षी लाखोंच्या सुपाऱ्या फुटतात त्या गावाच्या सर्वांत मोठ्या कलावंताची ही स्थिती होती. राज्य शासनाने २००६ पासून त्यांच्या नावाने तमाशा क्षेत्रातील जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. नाव पुरस्काराला मिळाले. पुरस्कार नावाला मिळाला नाही.

या पुरस्काराच्या मानकऱ्यांची यादी निकषांच्या दृष्टीने तपासण्याजोगी आहे. तीत कांताबाई सातारकर व मंगला बनसोडे आहेत. आंबेगाव तालुक्यातील अवसरीचे नाव लावणारे वसंत अवसरीकर आहेत. 'काळू-बाळू' या जोडीतील कवलापूरचे अंकुश खाडे आहेत. ज्यांच्या नावावर गर्दी लोटली अशी ही मंडळी. पण त्याच यादीत बशीर मोमीन कवठेकर यांचेही नाव आहे. आंबेगावला लागून असलेल्या शिरूर तालुक्यातील कवठे येमाईचे हे रचनाकार. त्यांनी अनेक फडांसाठी गण-गवळणी, लावण्या आणि वग लिहिले. त्यांच्या शब्दांवर टाळ्या वाजविणाऱ्यांना ते कोणाचे शब्द आहेत हे बहुधा ठाऊक नसे. सुपारीच्या बाजारात रचनाकाराला भाव नसतो. त्यांना २०१८ चा पुरस्कार मिळाला तो लोकप्रियतेसाठी नव्हे, तर अनेक फड त्यांच्या लेखणीवर उभे राहिले म्हणून. या एका निवडीत शासनाच्या समितीने प्रभावाचा निकष मान्य केला, असे म्हणता येते. ढोलकी, हलगी, तुणतुणे व कडे वाजविणारे आणि मागे सूर धरणारे झीलकरी यांच्याबाबतीत तो अजून पुरतेपणी लागू झालेला दिसत नाही.

ध्वनिमुद्रणाची चाळणी

उत्तम मराठी गाण्यांच्या किंवा अल्बमांच्या याद्या जेव्हा निघतात तेव्हा त्यांत लावणी असते. पण ती बहुधा चित्रपटातील असते. सुलोचना चव्हाण, आशा भोसले, उषा मंगेशकर ही नावे येतात आणि ती यावीतच. विठाबाईंचे नाव मात्र अशा यादीत येत नाही. याचे कारण आवडीत किंवा लोकप्रियतेत नसून ध्वनिमुद्रणात आहे. कनातीतला खेळ ध्वनिमुद्रिकेत मावणारा नव्हता. तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांची. वग तासन्‌तास चालणारा. कॅसेटचा जमाना आला तेव्हा काही गाजलेले वग आणि बतावण्या बाजारात आल्या व खेडोपाडी वाजल्या. त्या कॅसेटही आता दुर्मीळ झाल्या आहेत. कोणतीही यादी तीन निकषांच्या आधी एका चाळणीतून गेलेली असते : जे मुद्रित झाले तेच यादीत येण्यास पात्र ठरते. यमुनाबाई वाईकर यांच्या बैठकीच्या लावणीला १९९५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या अदाकारीचे मर्म मात्र समोर बसून पाहिलेल्यांनाच ठाऊक. केवळ ध्वनी ऐकून ते कळत नाही.

अशा परिस्थितीत प्रभावाला झुकते माप द्यावे म्हणणे सोपे आहे, पण प्रभावाचा पुरावा कोठून आणायचा, हा प्रश्न उरतो. तो फडांच्या आठवणीत आहे, वगांच्या हस्तलिखित वह्यांत आहे, यात्रा समित्यांच्या जमाखर्चाच्या चोपड्यांत आहे. कोणत्या साली कोणता फड आला, किती रक्कम दिली, वग कोणता झाला, याच्या नोंदी गावोगाव विखुरलेल्या असणार. जुन्नर व आंबेगावातील महाविद्यालयांच्या इतिहास आणि मराठी विभागांना हे काम पायाखालचे आहे. लोकप्रियतेचे महत्त्व येथे पुन्हा लक्षात येते, पण वेगळ्या नात्याने : सुपारीची नोंद कलावंताच्या श्रेष्ठत्वाचा निवाडा देत नाही, तो कोठवर पोहोचला याची साक्ष मात्र देते.

वर्गवारी आणि मानधन

श्रेष्ठत्वाच्या निकषांची ही चर्चा केवळ समीक्षेपुरती आहे असा समज होणे शक्य आहे. राज्य शासन १९५४-५५ पासून वृद्ध साहित्यिक व कलावंतांना मानधन देत आले आहे. या योजनेत कलावंतांचे तीन वर्ग होते : राष्ट्रीय पातळीवरील 'अ', राज्य पातळीवरील 'ब' आणि जिल्हा पातळीवरील 'क'. अलीकडच्या काळात त्यांचे मासिक मानधन अनुक्रमे ३१५०, २७०० आणि २२५० रुपये होते. म्हणजे कीर्ती जितकी दूरवर पोहोचली तितकी रक्कम अधिक. हा शुद्ध लोकप्रियतेचा, तोही भूगोलाने मोजलेल्या लोकप्रियतेचा निकष झाला. ज्याच्या ढोलकीवर पाच फडांचे नाचकाम बसले, पण जो पुणे-नगर-नाशिकच्या यात्रांपलीकडे गेला नाही, तो या हिशेबात 'क' वर्गाचा.

२०२४ मध्ये शासनाने ही वर्गवारी रद्द केली आणि राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने योजना पुनर्रचित करून सर्वांना सरसकट दरमहा ५००० रुपये देण्याचे ठरविले. क्रमवारीचा प्रश्न त्यामुळे सुटला. यादीत येण्याचा सुटला नाही. लाभार्थ्यांची निवड अजूनही करावीच लागते आणि तीसाठी कलासेवेचा पुरावा लागतो. सोंगाड्याचे नाव फलकावर असते, नर्तकीचे छायाचित्र वर्तमानपत्रात छापून येते. हलगीवाल्याचे नाव फलकावर नसते. चाळीस हंगाम त्याने फडाचा ताल सांभाळला याला कागद नसतो. फडाचा मालक हयात असेल तर त्याचा शब्द, आणि फड मोडला असेल तर ज्या गावांनी त्याला कनातीत बसून ऐकले त्या गावांतील म्हाताऱ्यांची आठवण, एवढाच त्याचा आधार असतो.